मदत हवी आहे: गिटारच्या सागवानी बॉडीत खाचे पाडायला कोणता राउटर बिट घेऊ?

मंडळी, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारची बॉडी करतोय. नागपूरच्या लकडगंजातून ४५ मिमी जाडीची सागवानी फळी रंधून आणली आहे. बाहेरचा आकार कापून झाला, आता नेक पॉकेट (गिटारची मान बसते तो खाचा), पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) आणि कंट्रोलचे (आवाजाच्या बटणांचे) खाचे उरलेत.

हाताशी ६ मिमी कॉलेटचं (बिटचा दांडा पकडणाऱ्या पकडीचं) ट्रिमर, म्हणजे लाकूड कोरायचा छोटा राउटर, आणि १२ मिमी एमडीएफचे टेम्प्लेट (खाच्यांच्या आकाराचे साचे) आहेत. पात्याच्या वर बेअरिंग (साच्याच्या कडेवर फिरणारं चाक) असलेला १२.७ मिमी व्यासाचा बिट इथे मिळतो, पण त्याचं पातं २५ मिमी लांब. बेअरिंग टेम्प्लेटला टेकवायचं तर पहिल्याच फेरीत १३-१४ मिमी खोल जावं लागतं. पाइनमध्ये खपून जाईल, सागवानात एवढ्या बारीक दांड्यावर तो जोर नको वाटतो. त्यात सागवानातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते, म्हणून कार्बाइडच घेणार.

दोन टेम्प्लेट एकावर एक ठेवून सुरुवात करू, की आखूड पात्याचा बिट मागवू? आखूड असेल तर १६ मिमी खोल नेक पॉकेट आरामात होईल. पण कंट्रोलचा खाचा ३८ मिमी खोल. टेम्प्लेट काढून बेअरिंग आधी कापलेल्या भिंतीवर फिरवलं तरी दांडा तेवढा पोचतो का? कॉलेटमधून तो जास्त बाहेर काढायला मन धजत नाही.

फोर्स्टनर बिटने (सपाट तळाची रुंद भोकं पाडणाऱ्या ड्रिल बिटने) आधी बरंचसं लाकूड काढून घेणारच आहे. कडेला किती मिमी सोडू, तेही सांगा. आणि नागपुरात आखूड बिट मिळणारं दुकान कुणाला माहीत असेल तर सांगा भाऊ, ऑनलाइनवाले फोटोत पात्याची लांबीच देत नाहीत.