उशीखालचं लिंबू

समलिंगी पात्राला पिशाच्च करणं म्हणजे निव्वळ बदनामी, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आयरिश लेखक शेरिडन ले फानूची पिशाच्चकथा 'कार्मिला' १८७२ची, 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधीची. तिच्यात एका मुलीवर जीव लावणारी बाई, कार्मिला, रक्त पिते आणि शेवटी त्या बाईला मारतात, हे खरंच. पण गोष्ट सांगणारी ती मुलगी, लॉरा, पुढे कित्येक वर्षांनीही कार्मिलाची पावलं दाराशी वाजल्यासारखी ऐकते. भीती आणि ओढ तिला वेगळी करता येत नाही. मला ते वाचून रडू आलं होतं.

कारण नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी भूत मीच होतो. सोळाव्या वर्षी एका मुलाला लिहिलेलं माझं पत्र आईला सापडलं. कुणी ओरडलं नाही. आजी एवढंच म्हणाली, "पोराले बाहेरचं लागलं." मग रोज रात्री उशीखाली लिंबू. सुकून तपकिरी झालं की दुसरं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं सगळी गल्ली ओरडत होती, आणि आजी माझ्याकडे बघून ओरडत होती, डोळ्यांत पाणी आणून. रागावताही येईना. तिच्या धाकट्या दिराने लग्न मोडून घर सोडलं होतं, ते का, हे मला फार उशिरा कळलं. बैठकीत आजोबांच्या फोटोशेजारी एक रिकामा खिळा आहे. त्यावर अजून कुणी काही टांगत नाही.