जर्मनीतील एका सत्रासाठी मुलीला पाठवायचे आहे. तयारी नेमकी कोठून सुरू करावी?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)

माझी मुलगी वडोदऱ्यातच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून सध्या तिचे तिसरे सत्र सुरू आहे. तिच्या महाविद्यालयाचा जर्मनीतील एका विद्यापीठाशी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार आहे आणि त्यानुसार पुढील वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिच्या पाचव्या सत्रात, तिला तेथे जाता येईल असे विभागाने तोंडी सांगितले आहे. करारामुळे तेथील शिकवणीशुल्क माफ आहे. आमच्या घरातून शिक्षणासाठी परदेशी जाणारी ती पहिलीच, त्यामुळे मार्गदर्शन करील असे नात्यात कोणी नाही. ओळखीची मंडळी व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांविषयीच बोलतात. हाताशी जवळजवळ वर्ष आहे. या वर्षात कोणते काम कोणत्या क्रमाने करावे आणि एकंदर खर्च किती धरावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. तिचे येथील वर्ष वाया जाऊ नये, ही मुख्य काळजी आहे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, फत्तेगंज)

ताई, आपली शेवटच्या ओळीतील काळजी हीच खरी पहिली पायरी आहे. व्हिसा वेळेवर अर्ज केला तर मिळतो, तिकीट पैसे दिले की मिळते; परंतु तेथे उत्तीर्ण केलेले विषय येथील गुणपत्रिकेवर उतरणे हे विभागाच्या लेखी संमतीखेरीज होत नाही. ही संमती मुलगी परत आल्यावर मागण्याची नसून निघण्यापूर्वी हातात असण्याची गोष्ट आहे.

सर्वप्रथम दोन्हीकडची वेळापत्रके शेजारी ठेवून पाहा. जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे असते. हिवाळ्यातील व्याख्याने साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर, काही वेळा मार्चमध्येही, होतात. आपल्याकडे पाचवे सत्र जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत संपते आणि सहावे डिसेंबर-जानेवारीत उघडते. म्हणजे मुलगी एका सत्रासाठी गेली तरी प्रत्यक्षात दोन सत्रांना हात लागतो. पाचव्या सत्राची परीक्षा ती येथे देऊ शकणार नाही आणि सहाव्याचे पहिले दोन-अडीच महिने ती येथे नसेल. सहाव्या सत्राची हजेरी, प्रयोगशाळेचे काम आणि अंतर्गत मूल्यमापन यांचे काय करायचे, हे विभागप्रमुखांना आजच विचारावे. देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा थोडी आधी, तोंडी स्वरूपात घेण्यास तेथील काही प्राध्यापक तयार होतात. मात्र ही विनंती विषय निवडतानाच करावी लागते. उन्हाळी सत्र घेतल्यासही एप्रिल-मेमधील परीक्षा आड येते, त्यामुळे तो मार्ग अधिक सोपा आहे असे समजू नये.

दुसरी गोष्ट श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची. युरोपात एका सत्राचा पूर्ण भार ३० ईसीटीएस (तेथील सामाईक श्रेयांक) धरतात आणि एका ईसीटीएसमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम मोजतात, ज्यात घरचा अभ्यासही आला. आपल्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १२०० तास आणि ४० श्रेयांक आहेत, म्हणजे सत्राला २०. त्यामुळे ढोबळमानाने दीड ईसीटीएसला आपला एक श्रेयांक, असे प्रमाण निघते. परंतु केवळ संख्या जुळून भागत नाही. आपल्या सक्तीच्या विषयाचा आशय तेथील कोणत्या विषयात कितपत येतो, हे विभाग तपासतो. त्यासाठी त्या विद्यापीठाची मॉड्यूल पुस्तिका, म्हणजे विषयांचा तपशील देणारी पुस्तिका, संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि प्रत्येक विषयासमोर तीन बाबी पाहाव्यात: तो हिवाळी सत्रात शिकवला जातो का, इंग्रजीत शिकवला जातो का, आणि पदवीच्या पातळीचा आहे का. इंग्रजीतील विषय बहुधा पदव्युत्तर पातळीवर अधिक आणि पदवीला कमी असतात, आणि अनेकांची योजना येथेच अडते. म्हणून पाच विषय हवे असतील तर आठ निवडून आठांची मान्यता घ्यावी. तेथे गेल्यावर एखादा रद्द झाला तरी अडचण येत नाही.

गुणांचे रूपांतरही विभागाच्या या लेखी संमतीतच ठरवून घ्यावे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम, ४.० हा जेमतेम उत्तीर्ण आणि ५.० हा अनुत्तीर्ण शेरा असतो. दहाच्या मापात गुण पाहण्याची सवय असलेल्या परीक्षा विभागापुढे १.३ असा उत्कृष्ट शेरा काही स्पष्टीकरणाविना गेला तर घोळ होण्याची पूर्ण शक्यता असते.

विषयांतराचा दोष पत्करून एक उदाहरण देतो. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करण्याचा करार प्रस्थानापूर्वीच लिहून झाला. पैसा, मुदत आणि परतल्यावरची व्यवस्था या तिन्ही गोष्टी माणूस बोटीत बसण्याआधी कागदावर आल्या होत्या. आपल्या मुलीच्या बाबतीतही ‘लर्निंग अॅग्रीमेंट’ या, तेथे घ्यायचे आणि येथे मान्य होणारे विषय नोंदवणाऱ्या, कागदावर तिची, आपल्या विभागाची आणि यजमान विद्यापीठाची अशा तिन्ही सह्या हव्यात. विभागाचे तोंडी आश्वासन चांगल्या मनाने दिलेले असते, पण विभागप्रमुख बदलतात.

उत्तर २ (बँकेतून निवृत्त, रावपुरा)

प्राध्यापक महोदयांनी अभ्यासाची बाजू पूर्ण मांडली आहे. मी पैशांपुरते लिहितो.

तीन महिन्यांहून अधिक राहायचे असल्याने राष्ट्रीय व्हिसा लागेल आणि त्यासाठी निर्वाहाची तजवीज दाखवावी लागेल. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटसाठी (आगाऊ पैसे भरून ठेवायच्या, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यासाठी) महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो, हे प्रमाण आहे. सहा महिन्यांसाठी ही रक्कम ५,९५२ युरो होते. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साधारण सहा लाख रुपये. हा पैसा शुल्कात जात नाही. तेथे पोचल्यावर दरमहा ठरावीक रकमेने तो मुलीलाच मिळतो. मात्र व्हिसाच्या अर्जापूर्वी तो एकरकमी भरलेला असावा लागतो, म्हणून मुदत ठेवी मोडायच्या असतील तर त्यांच्या तारखा आजच पाहून ठेवाव्यात. याखेरीज आरोग्य विम्याचा हप्ता महिन्याला सुमारे दीडशे युरो येतो. येथून घेतलेला प्रवास विमा तेथील विद्यापीठात नावनोंदणीसाठी सहसा चालत नाही. विमानभाडे, व्हिसाचे ७५ युरो, विद्यापीठाचे सत्रशुल्क (हे माफ असलेल्या शिकवणीशुल्काहून वेगळे) आणि थंडीचे कपडे वेगळे धरावेत.

पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे परदेशी रक्कम पाठवण्याच्या योजनेखाली, पाठवले जातील. वर्षाला एका व्यक्तीमागे अडीच लाख डॉलरांची मर्यादा आहे, आपली रक्कम तिच्यापेक्षा फारच कमी आहे. एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापला जात नाही. शैक्षणिक कर्ज घ्यायचे असल्यास चार लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, परंतु पदवीऐवजी एका सत्रासाठी कर्ज म्हटले की शाखेला ते नवे वाटते, म्हणून करारपत्राची प्रत आणि प्रवेशपत्र घेऊन व्यवस्थापकांना लवकर भेटावे.

मुलगी तेथे अर्धवेळ काम करून काही खर्च भागवील, असे गणित कृपया मांडू नये. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते हे खरे. पण नवी भाषा आणि अपरिचित परीक्षापद्धती यांत पहिले दोन महिने अभ्यासातच जावेत.

उत्तर ३ (आता वडोदऱ्यात नोकरी, पूर्वी एक सत्र जर्मनीत)

काकू, मी थोडेच लिहिते. हिवाळी सत्राची नामनिर्देशने, म्हणजे महाविद्यालयाने पाठवायच्या विद्यार्थ्यांची नावे, साधारणपणे एप्रिल-मेमध्ये मागवली जातात आणि त्यानंतर विद्यार्थ्याचा स्वतःचा अर्ज जातो. त्यामुळे विषयांची यादी मार्चपर्यंत तयार हवी. प्रवेशपत्र येताच त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज करावा. विद्यार्थी सेवा संस्थेच्या खोल्या बाहेरच्या घरांपेक्षा बऱ्याच स्वस्त असतात, पण प्रतीक्षायादी लांब असते. खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते आणि बँकेपासून निवास परवान्यापर्यंत सर्व काही त्या नोंदीवर चालते, म्हणून नोंदणीसाठी घरमालकाचे पत्र देणार नाही अशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

दुसरे म्हणजे नाव. गुजरातच्या गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा असतो. यजमान विद्यापीठाच्या अर्जात गुणपत्रिका पाहून नाव भरले आणि प्रवेशपत्र तसेच आले, तर व्हिसाच्या वेळी दोन नावे दिसतात. सर्व अर्ज पहिल्यापासून पासपोर्टप्रमाणेच भरावेत. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांसाठी एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणाऱ्या दाखल्याचा, नियम आहे. देवाणघेवाणीच्या प्रकाराला तो लागू आहे का, हे यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आत्ताच ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

प्रश्नकर्त्या

आपणा तिघांचे मनापासून आभार. प्राध्यापक महोदयांना एक शंका विचारते: सहाव्या सत्राच्या प्रयोगशाळेला विभागाने सवलत नाकारली, तर जाण्याचा विचार सोडून द्यावा का?

निवृत्त प्राध्यापक, फत्तेगंज

सोडून देऊ नये, सत्र बदलावे. सातवे सत्र घेतल्यास आठव्यात बहुधा प्रकल्पाचे काम असते आणि मार्गदर्शकांची संमती असल्यास त्याचा आरंभ तेथूनही करता येतो. मात्र अंतिम वर्षी नोकरीसाठी कंपन्यांच्या मुलाखती सातव्या सत्रातच होतात, हे मुलीने स्वतः तोलून ठरवावे. आधी पाचव्या सत्रासाठीच लेखी अर्ज द्यावा आणि नकार आला तर तोही लेखी घ्यावा, म्हणजे सातव्या सत्राची मागणी करताना तो जोडता येईल.