हॉस्पिटलमधून आईची माहिती बाहेर गेली, दाद कुठे मागायची?

सिडकोवाली
नाशिकमधल्याच एका खाजगी हॉस्पिटलात आईची अँजिओप्लास्टी झाली. हल्ली तिला फोन येतात, "आजी, स्टेंट बसवलाय ना? आमचा काढा सुरू करा." एकाने तर शुगरचा आकडा आणि मेडिक्लेमचा पॉलिसी नंबरही वाचून दाखवला. परवा हॉस्पिटलचा मेसेज: "सर्व्हरमध्ये अनधिकृत प्रवेश झाला आहे, काळजी नसावी." काळजी नसावी म्हणे! काउंटरवरचा मुलगा सांगतो, आयटीवाले पुण्याला बसतात. २५० कोटींच्या दंडाचा कायदा आलाय ना? त्यातून आईला काही मिळेल?

गंगापूर रोडचा वकील
ताई, त्यातला छदामही मिळणार नाही. दंड सरकारी तिजोरीत जातो. शिवाय हा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा असला तरी नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि हॉस्पिटलांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. तोवर आयटी कायद्याचं कलम ४३अ आहे: तब्येतीची माहिती हलगर्जीपणे सांभाळली आणि नुकसान झालं, तर भरपाई. ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो, म्हणजे मुंबईच्या खेपा.

मी तुमच्या जागी असतो तर ग्राहक आयोगात गेलो असतो. विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. हॉस्पिटल म्हणणार, "आम्ही दिली नाही, चोरीला गेली." म्हणून सेवेतली त्रुटी हा मुद्दा आधी मांडा. तक्रार आईच्या नावाने, दोन वर्षांच्या आत. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही लागतोच असं नाही. (आमच्या पोटावर पाय, पण असो.)

जुना रेकॉर्डवाला
मी अशाच एका ठिकाणी फायली सांभाळल्यात. आधी आईच्या सहीने केस पेपरची नक्कल लेखी मागा, ७२ तासांत द्यावी लागते. दुसऱ्या अर्जात विचारा: नेमकं काय काय गेलं, कधी कळलं, सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था) ६ तासांत कळवलं का? दोन्ही अर्जांच्या तुमच्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तर थांबा, साहेब येतात. तो मेसेज पुसू नका, फोन रेकॉर्ड करा. कुणी पैसे उकळलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

सिडकोवाली
शिक्क्याचं लक्षात ठेवते. पण आमचं कॅशलेस होतं, बिल विमा कंपनीने भरलं. तरी आम्ही ग्राहक?

गंगापूर रोडचा वकील
हो. विम्याने भरलं तरी ती फुकटची सेवा नाही, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. पॉलिसीची प्रत मात्र तक्रारीला जोडा.