मदत हवी आहे : अकान बारशाला आहेर काय न्यावा?

कामानिमित्त घानात, कुमासीला आहे. शेजारी अकान (इथला एक मोठा समाज) घरात बुधवारी मुलगी झाली. आठव्या दिवशी, म्हणजे येत्या बुधवारी पहाटेच नाव ठेवणार. वाराचं नाव मात्र जन्मतःच ठरलेलं : अकुआ. मुलगा असता तर क्वाकू. (कोफी अन्नान शुक्रवारचे म्हणून कोफी, आणि अन्नान म्हणजे चौथं अपत्य!) बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा, मग दारूचा थेंब टेकवतात, पाण्याला पाणी अन् दारूला दारूच म्हणावं, म्हणून. आईला फोनवर सांगितलं, तर "दारू?" एवढंच म्हणाली.

घोळ असा : आईबाप अकानांच्याच दोन वेगळ्या पोटसमाजांतले. बाप असांते, तो 'अकुआ' म्हणतो. बाळंतीण फांटी, ती 'एकुआ'. पाकिटावर काय लिहू? आणि रोख द्यावी की वस्तू? इथे राहिलेल्या कुणीतरी मंगळवारच्या आत सांगा ना.