मदत हवी: शेजारच्या केळीबागेतले मुनवे (झाडाच्या बुडाशी फुटणारी पिल्लं) आणून रास (घडाचं सरासरी वजन) वाढेल का?

तापीकाठ_८७: मंडळी अर्जंट आहे. माझी केळी जी-नाईन जातीची, शेजाऱ्याचीही जी-नाईन, रोपं एकाच गाडीतून उतरवलेली. त्याची रास २६ किलोची आणि माझी १७ ला अडकली, व्यापारी माझ्या बागेत यायलाच तयार नाही. त्याच्या बांधावर एका झाडाला जबरदस्त घड आहे, त्याचे मुनवे मागून आणले तर पुढच्या वर्षी तसेच घड येतील ना? हो की नाही एवढंच सांगा.

केळीवाला_यावल: लागवड कधीची? जमीन कशी? पाणी?

जिवामृत_भक्त: रासायनिक बंद करा, दर पंधरा दिवसांनी जिवामृत सोडा. आमच्या लिंबाला फार फरक पडला.

केळीवाला_यावल: लिंबाचं कोणी विचारलंय दादा?

तापीकाठ_८७: लागवडीचं काय त्यात, दोघांची कापणी सोबतच आली. माझी ऑगस्टअखेरची, त्याचा कांदेबाग, ऑक्टोबरचा. जमीन माझी जरा बरड. ड्रीप दोघांनाही.

जुना_बागायतदार: आणा बिनधास्त. आम्ही बसराई या जुन्या जातीच्या काळापासून मोठ्या घडाच्या झाडाचेच मुनवे ठेवतो. बी तसं फळ.

कृषी_पदवीधर: काका, बी आहेच कुठे? जी-नाईन कॅव्हेंडिश गटातली, ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून बी धरत नाही. एका लॉटची टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. बांधावरच्या झाडाला ऊन जास्त, मुळांना जागा जास्त, म्हणून घड मोठा. ते मुनव्यातून येत नाही.

जुना_बागायतदार: मग बसराईतून श्रीमंती ही जात कशी निघाली? आभाळातून पडली?

कृषी_पदवीधर: ते मान्य, क्वचित म्युटेशन (जनुकात अचानक बदल) होतं. टिश्यूतही एखादं झाड बुटकं निघतं तेच ते. पण म्युटेशन ओळखायला त्याचे मुनवे बाकीच्यांशेजारी, एकाच दिवशी, एकाच जमिनीत लावून दोन पिकं तरी बघावी लागतात. युगांडात मटोके (शिजवून खायच्या) केळीचे नरिता नावाचे संकर वाण जंगली केळीच्या मदतीने काढले, तेही एका शेतातलं वजन बघून पास नाही केले, युगांडा-टांझानियात वेगवेगळ्या ठिकाणी लावून बघितले.

तापीकाठ_८७: युगांडा राहू द्या हो, माझं सांगा.

केळीवाला_यावल: घडाला फण्या किती?

तापीकाठ_८७: माझ्या ६-७, त्याच्या ९-१०. केळ्याची जाडी तशी बरी आहे.

केळीवाला_यावल: मग कळलं. फण्यांची संख्या निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) बरीच आधी, खोडाच्या आत घड तयार होतो तेव्हाच ठरते. तुमच्या बागेत ती वेळ नेमकी जानेवारीच्या थंडीत आली, पानं निघायची थांबली असतील. त्याची झाडं तेव्हा लहान होती, घड उन्हाळ्याच्या तोंडावर धरला. फण्या भरपूर आणि केळी बारीक असती तर मी निसवणीनंतरच्या खता-पाण्यावर बोट ठेवलं असतं.

जिवामृत_भक्त: थंडीतही जिवामृत चालतं.

रावेर_ते_दिल्ली: बाकी सोडा, आज बोर्डाचा भाव काय निघाला?

कृषी_पदवीधर: अजून एक. दुसऱ्याच्या बागेतले मुनवे म्हणजे हरण्या (विषाणूचा रोग) फुकटात घरी आणणं. पानं नीट बघितलीत का त्या झाडाची?

तापीकाठ_८७: एका पानावर पिवळे पट्टे आहेत, पण घड मोठा आहे ना!

केळीवाला_यावल: अहो भाऊ, हात लावू नका त्या झाडाला. शेजाऱ्याला सांगा आधी.

जुना_बागायतदार: पट्टे झिंकच्या कमतरतेनेही येतात. फोटो टाका.