मदत हवी आहे: थायरॉइड-बीपीच्या गोळ्यांबरोबर लोहभस्म, प्रवाळ, अश्वगंधा, त्रिफळा कसं द्यायचं?

मृगधारा

नमस्कार. आईच्या औषधांबद्दल विचारायचं आहे. माहिती एकदमच देते.

आईचं वय ६१. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम आणि बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, दोन्ही बरीच वर्षं चालू. या महिन्याचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७२, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा) ७.९. आठ महिन्यांपूर्वी टीएसएच ३.१ होता, डोस तोच आहे. बीपी हल्ली १५०/९० च्या आसपास, संध्याकाळी घोट्यांवर सूज. जिना चढताना दम लागतो, पोट साफ होत नाही, मधूनच पोटात मुरडा येतो, गुडघे दुखतात.

गेले चार महिने नात्यातल्या एकांनी आणून दिलेलं पुढील सगळं चालू आहे. उठल्यावर थायरॉइडची गोळी, लगेच लोहभस्माची पुडी मधातून, त्यातच प्रवाळपिष्टी. नाश्त्यानंतर जेष्ठमधाचा काढा. रात्री अश्वगंधा एक चमचा दुधातून, त्यानंतर त्रिफळा एक चमचा.

वेळा बरोबर आहेत का? डॉक्टर थायरॉइडचा डोस ७५ करू म्हणताहेत, पण त्यांना या बाकीच्या औषधांबद्दल सांगितलेलं नाही. काय ठेवावं, काय बंद करावं?

तराजूकाटा

आधी टीएसएचचं बघू, कारण त्याचं उत्तर तुमच्या वेळापत्रकातच दिसतंय. थायरॉक्सिनला लोह आणि कॅल्शियम दोन्ही पोटात चिकटतात आणि गोळी रक्तात पोचायच्या आधीच अडकते. प्रवाळ म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे गोळी गिळल्या गिळल्या वरून लोह आणि कॅल्शियम दोन्ही जाताहेत. ५० ची गोळी खाऊनही अंगी किती लागते आहे कोण जाणे. डोस ७५ करून पुढे कधी पुड्या बंद केल्या, तर तोच डोस जास्त होईल, छातीत धडधड सुरू होईल. डॉक्टरांना आजच फोन करून सगळी यादी वाचून दाखवा. बहुतेक ते आधी वेळा सुधारायला सांगतील आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतील. त्याआधी केलेल्या तपासणीत खरा आकडा कळत नाही.

नियम असा: थायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी (तासभर असेल तर उत्तम). लोह आणि कॅल्शियम त्यानंतर ४ तासांनी. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नकोत, मध्ये किमान दोन तास हवेत. लोहाच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको.

सूज आणि बीपीबद्दल: जेष्ठमध बंद करा. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढवतं, पोटॅशियम उतरवतं. घसा बसल्यावर एखादी काडी चघळणं वेगळं, चार महिने रोज काढा वेगळा. सूज ॲम्लोडिपिननेही येते, त्यामुळे दोष कोणाचा हे काढा थांबवल्यावरच कळेल. पोटॅशियम एकदा तपासून घ्या.

सहाण

लोहभस्माच्या पुडीवर काय लिहिलंय? छापील लेबल आहे की कागदावर पेनाने लिहिलेलं नाव?

मृगधारा

पेनाने ‘लोह’ एवढंच. प्रवाळाची डबी मात्र कंपनीची आहे. पुडी आणून देणारे म्हणाले की भस्म पाण्यावर तरंगतं, म्हणजे शुद्ध आहे. तरंगतं हे आम्हीही पाहिलं.

सहाण

ती पुडी आजच थांबवा, पण फेकू नका. तपासणीला लागू शकते.

तरंगणं ही ‘वारितर’ परीक्षा. बोटांच्या रेषांत भरणं म्हणजे ‘रेखापूर्ण’, उन्हात चमक न दिसणं म्हणजे ‘निश्चंद्र’. या परीक्षा खऱ्या आहेत आणि त्यांचं काम आहे: भस्म पुरेसं सूक्ष्म झालं का, धातूचा कण शिल्लक राहिला का, हे त्या सांगतात. पण त्या पुडीत शिसं किंवा आर्सेनिक मिसळलं आहे का, हे त्यातून कळत नाही. शिशाचं भस्मही (नागभस्म) बारीक केलं की पाण्यावर तरंगतं.

आता आईंची लक्षणं ओळीने वाचा: हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही कमी, बद्धकोष्ठ, पोटात मुरडा, सांधेदुखी. साध्या लोहाच्या कमतरतेत आणि थायरॉइड बिघडल्यावर यातलं बरंच दिसतं, आणि शिसं अंगात साठल्यावरही नेमकं हेच दिसतं. ज्यासाठी पुडी दिली त्याच तक्रारी पुडीमुळे होत असतील तर चार महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून रक्तातल्या शिशाची तपासणी करा. त्याला वेगळी नळी लागते, लॅबला आधी फोन करून विचारा. आकडा ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर किंवा वर आला तर पुडी आणि रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा. पुडी निर्दोष निघालीही असेल, पण अंदाजावर सोडायची ही गोष्ट नाही. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. तो अभ्यास २००४ सालचा, आणि ती तर दुकानात मिळणारी बंद डबी होती.

पुढे कधी भस्म घ्यायचंच झालं तर वैद्यांच्या चिठ्ठीने, बंद डबीतलं. डबीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि कोणत्या ग्रंथातला पाठ वापरला ते हवं. वनस्पती औषधांसाठी आयुर्वेदिक फार्माकोपियाची कमाल मर्यादा शिसं १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३ अशी आहे. चांगली कंपनी बॅचचा तपासणी अहवाल मागितला की देते. टाळाटाळ झाली तर दुसरी कंपनी बघा.

अजून एक, आणि हे सगळ्यात आधी करा. पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ९.८ येतं तेव्हा ‘रक्त वाढवायचं काय घेऊ’ हा दुसरा प्रश्न झाला. रक्त जातंय कुठे, हा पहिला. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, शौचातलं न दिसणारं रक्त या तपासण्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. लोह चालू असताना शौचाला काळं होणं साहजिक आहे. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं झालं तर थेट दवाखाना.

मृगधारा

खूप आभार. पुडी बाजूला ठेवली, लॅबला फोन करते. फेरिटिन कमी आलं तर डॉक्टर लोहाची गोळी देतील असं वाटतं. मग नवायस लोह चालेल का? त्यात त्रिफळाही असतो, म्हणजे दोन्ही कामं होतील. आणि त्रिफळा बाजारातला आहे, घरी करावा का?

सहाण

नवायस लोहात त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), त्रिफळा आणि त्रिमद (मुस्ता, वावडिंग, चित्रक) अशी नऊ द्रव्यं एकेक भाग आणि त्या नऊंच्या एकत्र वजनाइतकं लोहभस्म. म्हणजे निम्मं लोहभस्म. २५० मिलिग्रॅमच्या मात्रेत १२५ मिलिग्रॅम भस्म, आणि ते मुख्यतः लोहाचं ऑक्साइड, म्हणून कागदावर जास्तीत जास्त ८५-८७ मिलिग्रॅम लोह. पण ऑक्साइड सहज विरघळत नाही, त्यातलं अंगी किती लागेल हे आधी सांगता येत नाही. शिवाय त्रिकटूतल्या मिरी-पिंपळीतलं पिपरीन काही ॲलोपथी औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. पांडुरोगात (रक्त कमी होण्यात) हा योग चांगला आहे, पण हिमोग्लोबिन ९.८, दम लागतो आणि शिशाची शंका आहे, अशा वेळी मोजून देता येणारी लोहाची गोळी बरी. गोळी लागू पडली तर साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमने चढलेलं दिसतं. चढलं नाही तर कारण वेगळं आहे असं समजून शोधता येतं. आकडा सुधारल्यावरही साठा भरायला सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवतात.

तराजूकाटा

गोळी रोज की दिवसाआड, हे डॉक्टरांना विचारा. दिवसाआड घेतल्यावर लोह जास्त चांगलं शोषलं जातं असं दिसलंय, आणि मळमळ-बद्धकोष्ठही कमी होतं.

त्रिफळ्याबद्दल एक प्रयोग करून बघा. वाटीभर पाण्यात अर्धा चमचा त्रिफळा भिजवून गाळा. दुसऱ्या वाटीत फेरस सल्फेटची एक गोळी कुटून विरघळवा. दोन्ही एकत्र ओता. पिवळट पाणी बघता बघता निळसर काळं होतं, शाईसारखं. हिरड्यातलं टॅनिन लोहाला धरतं तेव्हा हे होतं, आणि असं धरलं गेलेलं लोह आतड्याला घेता येत नाही. चहाचंही तेच. त्यामुळे त्रिफळा रात्री झोपताना आणि लोह दुपारच्या आधी, हे अंतर कायम ठेवा.

सुरवारी

त्रिफळा घरी करणं सोपं आहे, फक्त चुका ठरलेल्या असतात.

हिरडा ‘सुरवारी’ मागा, म्हणजे पूर्ण वाढलेला, पिवळट तपकिरी. भीमाशंकर-जुन्नर पट्ट्यात गोळा होणारा काळा बाळहिरडा वेगळा, ते कोवळं वाळलेलं फळ, त्याचा उपयोग वेगळा. बेहडा भोक न पडलेला, हलवल्यावर आत भुसा न वाजणारा. आवळा बी काढून वाळवलेला, ‘आवळकाठी’ म्हणून मिळतो.

तिन्ही सारख्या वजनाचे, पण वजन बिया काढल्यानंतर करायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. अख्खी फळं तोलून मग फोडली की प्रमाण बिघडतं, आणि बियांसकट दळली तर चूर्ण फिकट, लाकडी चवीचं होतं.

प्रत्येकी १०० ग्रॅम साल घ्या. दोन कडक उन्हं दाखवा. आवळा वाकवल्यावर मोडला पाहिजे, नुसता वाकला तर ओल आहे आणि चूर्णाचे गोळे होतील. तिन्ही वेगवेगळे दळा, कारण कडकपणा वेगळा. वस्त्रगाळ करा किंवा ८० नंबरच्या चाळणीने चाळा. चाळणीत उरलेला चाळ टाकून देऊ नका, पुन्हा दळा. बेहड्याचे आणि हिरड्याचे तंतू मागे राहतात, तेच टाकले तर आवळा जास्त होऊन बसतो. शेवटी एकत्र करून दोनदा चाळा. लोखंडी खलबत्ता वापरू नका. वरच्या प्रयोगातली शाई तुमच्या चूर्णात तयार होते, रंग काळपट पडतो. काचेची कोरडी बरणी, घट्ट झाकण. जुन्या ग्रंथांनी चूर्णाला दोनच महिने दिले आहेत, घरच्या चूर्णाला तेवढेच धरा.

चमच्यावर जाऊ नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सपाट दहा चमचे तोला आणि दहाने भागा. सुरुवात २ ते ३ ग्रॅमने, कोमट पाण्याबरोबर. पातळ जुलाब झाले तर कमी करा. बाजारातलं चूर्ण असेल तर घटक वाचा. पोट साफ करण्याच्या कित्येक चूर्णांत सोनामुखी असते. ती रोज घेतली की आतड्याला सवय लागते आणि पोटॅशियम उतरतं. जेष्ठमधावर सोनामुखी म्हणजे पोटॅशियमला दुहेरी फटका.

सहाण

अश्वगंधा राहिली. सध्या थांबवा. ती थायरॉइडचे आकडे हलवते, आणि तुम्हाला पुढचे दोन महिने टीएसएच स्वच्छ वाचायचा आहे. क्वचित यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे, म्हणून चार महिने घेतल्यावर एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) एकदा करून घ्या. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती थायरॉइड आणि गर्भपाताच्या शंकेवरून. पुढे कधी घ्यायचीच झाली तर मुळाचंच चूर्ण घ्या. पानं मिसळलेली उत्पादनं नकोत, आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये पानांविरुद्ध सूचना काढली होती.

नाचणीसत्त्व

प्रवाळाचा हिशेब करून बघा. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम. २५० मिलिग्रॅम दोनदा घेतलं तर जेमतेम २०० मिलिग्रॅम. प्रौढांना दिवसाला १००० लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम, दुधाच्या पेल्यात (२०० मिली) सुमारे २४०. प्रवाळ आम्लपित्तासाठी दिलं असेल तर वैद्यांना विचारून चालू ठेवा. गुडघ्यांसाठी त्याच्यावर विसंबू नका, ड जीवनसत्त्व मात्र तपासा.

मृगधारा

डॉक्टरांशी बोलले. डोस ५० च ठेवला, आठ आठवड्यांनी टीएसएच. फेरिटिन ९ आलं, लोहाची गोळी दिवसाआड सुरू. शौचातल्या रक्ताची आणि शिशाची तपासणी दिली आहे. असं वेळापत्रक केलंय, बघाल का?

६ वाजता थायरॉक्सिन. ७ ला चहा-नाश्ता. ११ ला लोहाची गोळी नाचणीच्या सत्त्वाबरोबर (दुधातलं). १.३० ला जेवण. रात्री १० ला त्रिफळा.

तराजूकाटा

बाकी ठीक, ११ चं बदला. दुधातली नाचणी म्हणजे कॅल्शियम, लोह तिथेच अडकेल. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर द्या, मळमळलं तर अर्धी पोळी. सत्त्व दुपारी ४ ला हलवा. आणि त्या वेळी चहा असेल तर तोही चारलाच राहू दे, ११ च्या जवळ आणू नका.