बाबांची शुगर, पणजीचा छप्पनियो आणि खिडकी लावून जेवायची आमच्या घरातली पद्धत

दांडियाबाजारवाली:
नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर शेवटचं तेवढं वाचा.

बाबा सत्तरीचे, शुगर बरीच जुनी. गेल्या हिवाळ्यात पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली आणि अंगठा काढावा लागला. घरी येताना डॉक्टरांनी जेवणाचा कागद दिला, तो फ्रिजवर लावला आणि त्या दिवसापासून घरात रोज तंटा. अर्धी वाटी भात वाढला की बाबा पानाकडे असं बघतात की मीच काहीतरी चोरलंय. शर्टाच्या खिशात पार्ले-जीचा पुडा कायम, हॉस्पिटलात उशीखाली पण होता. कपाट आवरायला घेतलं तर धोतराच्या घडीत गूळ, चणे, मऊ पडलेला फाफडा.

आता मागची गोष्ट. बाबांची आजी म्हणजे माझी पणजी लहान होती तेव्हा छप्पनियो पडला, संवत १९५६ चा, इंग्रजी १८९९-१९०० चा दुष्काळ. तिचे वडील कडी प्रांतात गायकवाड सरकारचे कारकून. पगार होता, कोठीत धान्य होतं, म्हणजे हे लोक उपाशी नव्हते, पण दारात माणसं यायची. म्हणून तिची आई धूर दिसू नये म्हणून अंधार पडल्यावर चूल पेटवायची, दारं खिडक्या लावायची आणि पोरांना सांगायची की आवाज न करता जेवा, पानात शीत ठेवू नका, उष्टं बाहेर दिसलं तर घरात अन्न आहे हे कळेल. पुढे कॉलरा आला त्यात पणजीचे दोघे भाऊ गेले. पणजी शेवटपर्यंत म्हणायची, दारातल्यांचे तळतळाट लागले.

आमच्याकडे अजून जेवताना स्वयंपाकघराची खिडकी लावतात. मे महिन्यात. बडोद्यात! लहानपणापासून बघत आले त्यामुळे विचित्र वाटलंच नाही कधी, नवऱ्याने विचारलं तेव्हा आत्याने ही सगळी हकीकत सांगितली.

पान स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही हा नियम तर आहेच. माझा मुलगा आठ वर्षांचा, बाबा त्याला बसवून ठेवतात, मागच्या आठवड्यात तो ताटावरच ओकला. त्याचं उरलेलं मी संपवते, रात्री सगळे झोपल्यावर पण ओट्याशी उभी राहून काहीतरी तोंडात टाकते, का ते मलाही माहीत नाही. माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ६.१ आलंय.

नवऱ्याने एक रील दाखवलं की दुष्काळ जीन्समध्ये उतरतो, तीन पिढ्या जात नाही. खरं आहे का हे? आणि खरं असो नसो, बाबांना कमी वाढून पोटभर जेवल्यासारखं वाटेल असं काय करू?

संशयी_रावपुरा:
रीलवाल्याने अर्धंच सांगितलंय. मुळात हॉलंडमधला १९४४-४५ चा हिवाळा, जर्मनांनी रसद तोडली आणि माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरीच्याही खाली गेलं. तेव्हा जी बाळं पोटात होती त्यांच्यात मोठेपणी शुगरच्या तक्रारी जास्त दिसल्या, आणि २००८ मध्ये आयजीएफ-२ नावाच्या जीनवरच्या रासायनिक खुणाही वेगळ्या सापडल्या, साठ वर्षांनंतर. पण ही गर्भातल्या बाळांची गोष्ट. तिथून पणतीपर्यंत उडी मारायला माणसांमधला पुरावा फार तोकडा आहे, उंदरांवर बरंच दाखवलंय ते वेगळं.

तुमच्या बाबांच्या शुगरला कारण शोधायचंच तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम बघा. पुण्याजवळच्या खेड्यातली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून. दिसायला काटकुळी, आतून चरबीवाली. आपल्याकडे किरकोळ माणसांनाही शुगर का होते त्याचं बरंचसं उत्तर तिथे आहे, त्याला पणजी लागत नाही.

छप्पनियो मात्र भयंकर होता यात वाद नाही. १८९१ च्या शिरगणतीत बडोदा संस्थानात २४ लाखांवर माणसं होती, १९०१ ला साडेएकोणीस लाख. पण तुमची पणजी उपाशी राहिलीच नव्हती हे तुम्हीच लिहिलंय. तिला भीती होती, आणि लाज. ती उतरायला जीन्स कशाला हव्यात, रोज दोन वेळा खिडकी लावली की झालं.

डाएटवाली_ताई:
संशयी यांच्याशी सहमत, पण ताई आधी एक विचारते, बाबा इन्शुलिनवर आहेत का, किंवा शुगर एकदम खाली आणणारी गोळी आहे का? असेल तर खिशातला पुडा काढून घेऊ नका!! त्यांना घाम, थरथर झाली तर लागेल. फक्त बिस्किटाने साखर हळू चढते, म्हणून सोबत ग्लुकोजची पुडी द्या. त्या वेळी ३ चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासायचं. म्हणजे खिसा रिकामा करायचा नाही, खिशात काय असावं ते बदलायचं, आणि हे त्यांना मानानं पटवता येतं.

भाताची वाटी अर्धी केली की पान रिकामं दिसतं, भांडण त्याचंच आहे. आपल्या पानात डावी बाजू असते ना, ती वाढवा. काकडीची, गाजराची कोशिंबीर मोठी वाटी, आधी ती खायची, मग उसळ आणि भाजी, भात-पोळी शेवटी. आधी भाजी-उसळ पोटात गेली की जेवणानंतरची शुगर कमी चढते. डाळ-उसळ वाढवण्याआधी किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ व्हिटॅमिन तपासा, शाकाहारी घरात तर नक्कीच. उरलेल्या बोटांच्या मधल्या बेचक्या रोज बघायच्या, त्यांना दिसत नसेल तर तुम्ही बघा.

तुमचं ६.१ म्हणजे शुगर झालेली नाही पण उंबरठ्यावर आहात (५.७ ते ६.४ हा तो पट्टा), जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चाला. आणि रात्रीचं ते चोरून खाणं डाएटने जाणार नाही, त्याबद्दल कुणाशी तरी बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे.

ग्वाल्हेरचे_काका:
सूनबाई म्हणू की लेक, जे काय असेल ते, पण नातवाला ताटावर बसवून ठेवणं आजपासून बंद करा, बाकी सगळं मागाहून. काय शिजवायचं, कधी जेवायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते पोराचं पोट ठरवेल. पानात टाकायचं नाही ही सवय चांगलीच आहे, ती मोडू नका, पण मग आधी थोडं वाढून घ्या आणि मागून घ्या, एवढंच.

आता बाबांचं. आमचे वडील ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यातले, वीसेक माणसांच्या पंगतीत वाढलेले, अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांचं तेल-तूप बंद केलं तर चक्क रुसून बसायचे. आईने काय करावं, वरणाचं भांडं आणि पळी त्यांच्या हातात दिली, म्हणाली आजपासून वाढपी तुम्ही. एका हाताने वाढायचे, सांडायचं, आम्ही गप्प. पण ज्याच्या हातात पळी आहे त्याला आपल्याला कमी मिळेल ही धास्ती राहत नाही हो. सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचे आणि स्वतः बेताचं घ्यायचे. आग्रहाचा त्रास आम्हाला झाला तो वेगळा. 😄

वाडीतली_मावशी:
काका लाख बोललात.

अगं, मला कॉलऱ्यात गेलेल्या पणजीच्या त्या दोन भावांचंच राहून राहून वाटतंय. त्यांचं पान वाढलं का गं कधी कुणी? पितृपक्षात सर्वपित्रीला सगळ्यांचंच असतं, त्यांचं वेगळं काढा. दारातून परत गेलेल्यांच्या नावानेही काढा की, आणि ते कावळ्याला नाही, माणसाला द्या, बाबांच्या हातानं. (संशयी हसतील, हसू देत.) खिडकीच्या मागे लागू नकोस इतक्यात.

भाताऐवजी ज्वारीच्या कण्या कर आठवड्यातून दोनदा. आमच्या सासूबाई करायच्या, ताकातल्या. पान भरून दिसतं, पोटाला आधार राहतो.

डाएटवाली_ताई:
मावशी, कण्या छान, पण ज्वारीनेही साखर चढतेच, तेव्हा मनसोक्त नाही, एक वाटी शिजलेल्या. ताक भरपूर घ्या, मीठ जपून.

संशयी_रावपुरा:
हसलो नाही मावशी. माणसाला द्या म्हणालात तिथे तर मी तुमच्याच बाजूला.

दांडियाबाजारवाली:
सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत नाही. ताई, हो, इन्शुलिन आहे, बरं झालं सांगितलंत, मी पुडा काढूनच घेणार होते. ग्लुकोजची पुडी दिली तर बाबांनी उलटसुलट करून बघितली आणि आधी एक्सपायरी वाचली.

काल त्यांना आमटी वाढायला दिली. नवऱ्याला तीन पळ्या, मला तीन, लेकाला विचारलं किती, तो म्हणाला एक, तर एकच वाढली!! पण स्वतःला पण तीन घेतल्या हो, काका, तुमची ट्रिक आमच्याकडे अर्धीच चालली. आणि खिडकी लावलेलीच होती.

भावांची नावं आत्याला विचारली, धाकट्याला सगळे बाळ म्हणायचे एवढंच माहीत आहे, मोठ्याचं कुणालाच नाही. नाव नसेल तर पान कसं वाढायचं मावशी? आणि कण्यांना पाणी किती, माझ्या नेहमी गोळा होतात.

वाडीतली_मावशी:
पणजीचे भाऊ म्हणून वाढ, चालतं. कण्या जाडसर भरड, पीठ चाळून टाक नाहीतर गोळा होणारच, मग धुऊन तासभर भिजव. एक वाटीला चार वाट्या पाणी, ते उकळलं की मगच कण्या टाकायच्या, सुरुवातीला ढवळत राहा, मग झाकण ठेवून मंद आचेवर. ताक गार झाल्यावर घाल, गरमात फुटतं. वरून जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी दे, तेल चमचाभरच.